एका माणसाची औषधं

"नऊशे ब्याऐंशी," कंपनीच्या ऑफिसातल्या सुजाता मॅडम म्हणाल्या आणि बिस्किटांच्या डब्यातलं शेवटचं बिल त्यांनी उचललं. "आणि हे एकतीस. एक हजार तेरा. झालं बघा!"

टेबलापलीकडे दगडू लहान पोरासारखा हसला. चाळिशीचा वेल्डर, पण हसतानाही एक हात पोटाखाली दाबलेला. हर्नियाने सहा महिने त्याला धड उभं राहू दिलं नव्हतं. कंपनीच्या हेल्थ कार्डाचा नियम असा, की वर्षाचे पहिले हजार दिरहम ज्याचे त्याने भरायचे, पुढचं सगळं कंपनी देणार. दुखणं अंगावर काढणाऱ्या माणसाचे हजार व्हायचे कधी? पण यंदा सर्क्युलर निघालं, औषधांची बिलंही त्या हजारात धरणार.

दुबईत रास अल खोरच्या खोलीत सातजण एका मेसचं जेवत, एका बादलीत कपडे भिजवत. मग औषधं तरी वेगळी कशाला? नूरुद्दीनच्या फार्मसीतून जो जे घेईल ते दगडूच्या नावावर, आणि बिल डब्यात. यात लबाडी आहे असं त्यांच्यातल्या एकालाही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

"आता ऑपरेशन फुकट ना, मॅडम? तीन हजार सांगितलेत. म्हणजे जवळजवळ सत्तर हजार रुपये!"

"इन्शाल्ला. फॉर्म तेवढा भरू दे." बिलांवरून औषधांची नावं उतरवता उतरवता त्यांचं पेन मंदावलं. "दगडू, तुम्हाला डायबिटीस आहे?"

"आं? हो. थोडी शुगर."

"हा दम्याचा पंप. आणि हे काय? ही तर हार्टची गोळी. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात ती. माझे बाबा घ्यायचे. दर महिन्याला घेताय?"

शुगर खोलीतल्या तुकारामतात्याची, पंप उपेंद्रचा, हे दगडूला पाठ होतं. छातीची गोळी कुणाची? त्याने बिल ओढून घेतलं. चार घड्या घातलेलं. बिलाच्या चार घड्या घालून डब्याच्या तळाशी सारणारा खोलीत एकच माणूस होता. जिना चढताना मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, गुडघे रे, गुडघे.

"अहो, तुमचा व्हिसा दोन महिन्यांत रिन्यूअलला येतोय," मॅडमचा आवाज चढला. "हे मॅनेजरकडे गेलं की मेडिकली अनफिट. खलास! ऑपरेशन सोडा, हातात तिकीट ठेवतील."

"मग नको मला क्लेम. मागे घेतो."

"खालच्या काउंटरवर शिक्के मारून आणलेत ना सगळ्यांवर? त्यांच्या कॉपीज वर गेल्या." त्या पुढे झुकल्या. "दगडूदादा, एका माणसाला एवढं सगळं नसतं, कळतं मला. शुगर, दमा चालवून घेतील. हार्टचं नाही चालवणार. ही गोळी ज्याची आहे त्याचं नाव सांगा, मी दुरुस्ती लावते."

काचेबाहेर बाकावर तो बसला होता, तुकारामतात्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, मांडीवर जिलबीचा पुडा घेऊन. त्याच्या धाकट्या लेकीचं नर्सिंगचं अजून दीड वर्ष बाकी होतं. दगडू बघतोय असं दिसताच त्याने भुवया उडवून विचारलं, काय?

"माझीच आहे," दगडू म्हणाला.

"नीट विचार करा."

"माझीच आहे, मॅडम. लिहा."

सुजाता मॅडमनी मान खाली घालून लिहिलं.

तो बाहेर आला तसा तात्या उठला. "काय रे दगड्या, झाले का हजार?"

"झाले. वर तेरा."

"मग यल्ला, चल! तोंड गोड कर आधी."

दगडूने जिलबीचा तुकडा तोंडात टाकला. तात्याची जेवणाच्या डब्याची पिशवी बाकाखाली होती. पोटाखाली हात दाबत दगडू वाकला आणि त्याने ती उचलली.

"अरे, तू कशाला उचलतोस?"

"असू दे." दगडू जिन्याकडे वळला. "तात्या, यापुढं औषधाचं बिल घेऊ नको. माझ्या नावाचं नको, तुझ्याही नावाचं नको."

"का रे? काय झालं?"

"आणि ती जिभेखालची गोळी पेटीत नको ठेवत जाऊ," दगडू मागे न बघता म्हणाला. "वरच्या खिशात ठेव."