शुक्रवारची गळती

"काका, पुन्हा पॅकेटं गळायला लागलीत. येता का जरा?"

"तू काही हलवलंस का?" निवृत्त काकांनी फोनवर विचारलं.

"छे! मी कशाला हात लावतेय?"

फोन ठेवून तिने जीभ चावली. सकाळीच हात लावला होता.

कंपनीची इंटरनेटवरची सगळी वर्दळ, म्हणजे माहितीची छोटी छोटी पॅकेटं, एकाच फायरवॉल सर्व्हरमधून जायची. कोणाला किती वाट द्यायची, कोणाला रांगेत थांबवायचं, ते तो ठरवायचा. रांग भरली की मागून आलेली पॅकेटं गळायची. काकांनीच तो उभा केला होता आणि निवृत्त होताना तिच्या हवाली केला होता.

मग काकू गेल्या. ती भेटायला गेली तेव्हा काका बंद टीव्हीसमोर बसले होते. तिच्याने बघवलं नाही. तेव्हापासून दर शुक्रवारी ती एक रांग गुपचूप आखूड करायची. पाहुण्यांच्या वाय-फायची, म्हणजे कोणाचं अडायला नको. कामाला जुंपलं की माणूस सावरतो, असं तिचं ठाम मत. बाबा गेल्यावर तिने स्वतः तेच केलं होतं, एक दिवसही रजा घेतली नव्हती.

फक्त काकांना कळता कामा नये. कोणी कीव केलेली त्यांना खपली नसती. पुन्हा पाऊल टाकलं नसतं त्यांनी इथे.

काका आले ते कडक इस्त्रीच्या शर्टात. बघून तिला बरं वाटलं.

"केबल बघितलीस?"

"बघितली."

"नेटवर्क कार्ड?"

"ठणठणीत आहे."

"मग कुठली तरी रांगच तुंबली असणार. बघू." गळलेल्या पॅकेटांचा आकडा पडद्यावर वाढत होता. काका मात्र निवांत. नको तिथेही डोकावून आले, जुने किस्से सांगितले, मग डबा उघडला. "सुनेने पुन्हा ढीगभर दिलंय. मला एकट्याला संपत नाही. चल, हात धुऊन ये."

तिला भूक नसायची, पण काकांना सोबत हवी म्हणून बसायची. बोलणं बहुतेक तिचंच व्हायचं. बाबा जुने रेडिओ खोलून बसायचे आणि एक स्क्रू हमखास उरायचा, ते सांगताना ती आज खळखळून हसली. डबा कधी रिकामा झाला कळलंही नाही.

जेवण झाल्यावर काकांनी बरोबर त्याच रांगेवर बोट ठेवलं. मर्यादा वाढवली. आकडा थांबला.

"यंत्रंसुद्धा रुसतात कधीकधी," ते म्हणाले.

"पुन्हा रुसलं तर?"

"येईन की. घरी बसून काय दिवे लावायचेत?"

ते गेले आणि तिला दिसलं, चष्मा टेबलावरच राहिलाय. ती तो घेऊन धावली. काका जिन्याच्या वळणावर पाठमोरे उभे होते, कानाला फोन.

"हो गं सूनबाई, पोटभर जेवली आज. बिघाड कसला, नेहमीसारखा तिनेच केलेला! पत्त्यांची मंडळी खोळंबलीयत, ठाऊक आहे मला. खोळंबू देत. बाप गेल्यापासून पोर अगदी एकटी पडलीय गं, बोलत नाही कोणाशी. पुढच्या शुक्रवारी डबा जरा मोठाच दे."