काळ्यात ढकललेलं

"थांब, पाणी ओतू नकोस!" सासू ओरडली. सुनेच्या हातातली बादली हिंदकळली. टॉवेलात गुंडाळलेली दोन महिन्यांची नात दचकून रडायला लागली.

नव्या काळ्या टबाला तो वास होता. कीटकनाशकाच्या जुन्या डब्यांना येतो तो, गोडसर, घशाशी येणारा. सासूनं टबाच्या कडेचा कपटा कापला, काडी ओढली आणि जळता कपटा चिमटीत धरून नाकाशी नेला. कारखान्यात ती माल असाच ओळखायची.

"आई, टब आहे तो. पेटवतेस काय?" मुलगा हसत म्हणाला. तिला हसू आलं नाही. तिची खात्रीच पटली होती, हा टब त्यांच्याच कारखान्यातल्या मालाचा.

तीन वर्षांपासून ती त्या कारखान्यात निवडणीच्या शेडमध्ये कामाला होती. बंद पडलेला कचरा डेपो खणून निघालेलं प्लॅस्टिक तिथे यायचं. धुवायचं, निवडायचं, वितळवून दाणा करायचा. जमिनीच्या पोटातलं विष आपण बाहेर काढतो, असं मॅनेजर पाहुण्यांना ऐटीत सांगायचा. खोटं नव्हतं ते. बाहेर काढलेलं पुढे कुठे जातं, एवढंच कुणी विचारत नव्हतं. धुण्याचं पाणी मागच्या ओढ्यात जाई. ओढ्यात आता बेडूकसुद्धा उरला नव्हता.

शेडमध्ये तिचा हात सगळ्यांत तयार. कपटा बोटांनी चोळला की त्याची जात कळायची, अडलंच तर जाळून हुंगायची. हातमोजे मिळाले होते, पण ते घातले की बोटं आंधळी होतात, म्हणून ते खुंटीवरच. जे ओळखू येत नसे ते काळ्या ढिगात जाई, काळ्या रंगात सगळं खपतं. विषाचे डबे तेवढे वेगळे काढायचे होते. पण ते न्यायला कधी कुणी फिरकलंच नाही. शेवटी तिनं तेही काळ्यात ढकलले. एकदा नाही, रोज. काळ्याचे पाइपच तर होतात, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. आठवडाभर शेड बंद होती, नाक जरा मोकळं झालं होतं, आणि नेमका आज हा टब घरात आला.

"फेकून दे तो. माझंच पाप आहे ते," ती मुलाला म्हणाली. मुलगा टब उचलून बाहेर गेला.

तिनं स्टीलचं घमेलं काढलं. नवं पाणी तापवलं. साबण बदलला. नातीच्या मानेखाली हात धरून पहिला तांब्या घातला, आणि वास आलाच. तोच. तिनं पाणी ओतून दिलं, पुन्हा भरलं. पुन्हा तोच. घाबरून तिनं नातीला सुनेकडे दिलं. टॉवेल हुंगला, साबण हुंगला, मोरीचा कोपरा न् कोपरा हुंगला.

"टब तर गेला," ती पुटपुटली. "मग येतोय कुठून?"

नात रडून लालबुंद झाली होती. सुनेनं तिला पुन्हा सासूच्या हातात ठेवलं. नातीनं आजीचं बोट पकडलं, तोंडात घातलं आणि ती चोखत शांत झाली.

"टबाला वास नव्हताच, आई," सून हळूच म्हणाली. "तुमच्या हातांना आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तुम्ही कामावर गेलात की मी तुमचं हात पुसायचं फडकं हिच्या उशाशी ठेवते. त्या वासाशिवाय हिला झोपच लागत नाही."