आडवा अंतरा

भजन स्पर्धेत मी अंतरा उचलला आणि आमच्या शिकवलेल्या कुत्र्यानं, ठोंब्यानं, माझ्या गुडघ्यावर पंजा ठेवला. म्हणजे माझं बीपी उतरतंय. तो घरी येण्याआधी मला ते कळायचंच नाही. एकदा थेट पेटीवर कोसळले. तेव्हापासून मंडळ माझ्या हातात नुसते टाळ द्यायचं. यंदा अंतरा मीच मागून घेतला होता.

मी शांतपणे सतरंजीवर आडवी झाले. शेजारच्या कुमुदिनीताईंनी टाळ न थांबवता मांडी पुढं केली. त्या वयानं मोठ्या, म्हणून आधी नमस्कार केला, मग रक्त डोक्याकडे यावं म्हणून मांडीवर पाय ठेवले. ठोंब्या उशाशी बसला. छताकडे बघत मी अंतरा पूर्ण केला.

परीक्षकांनी नंतर हळूच विचारलं, “ते मधेच झोपणं ठरवून होतं का?”

“हो,” मी म्हटलं. “न ठरवता बरीच वर्षं पडून पाहिलं.”