उणे चाळीस

मॅडमनी इन्सुलिनची सिरिंज भरली आणि त्या सात नंबरच्या खाटेशी आल्या. मागे उभी असलेली विद्यार्थिनी सारखी चुळबुळत होती. एकदा केसपेपरकडे बघायची, एकदा खाटेवरच्या आजोबांकडे. ॲप्रनचं टोक पिळून पिळून तिने त्याची पार वात केली होती.

“नीट उभी राहा गं. पायाला मुंग्या चावतायत का?” मॅडम म्हणाल्या.

धीर मॅडमनाही नव्हता. अकरा वाजता प्राचार्य त्यांचा खेळ बघायला वर्गात येणार होते. खेळ त्यांनी स्वतः बनवलेला, त्याचं कोण कौतुक! टेबलावर रोगी म्हणून बाहुला झोपवायचा. मॅडम औषध देताना मुद्दाम कुठेतरी चुकणार. ज्याला चूक दिसेल त्याने टेबलावर थाप मारून ओरडायचं, ‘थांबा!’ बरोबर निघालं तर दहा गुण. उगाच थांबवलं तर वीस वजा. नर्सने विचार न करता तोंड उघडू नये, असं मॅडमचं ठाम मत होतं.

ही मुलगी सुरुवातीला ऊठसूट थाप मारायची. वर्ग पोट धरून हसायचा. तिचं नावच ‘थांबाताई’ पडलं. ती उणे चाळीसवर गेली तेव्हा मॅडमनी तिचा आकडा फळ्यावर लाल खडूने लिहिला. त्यानंतर मात्र पोरगी एकदम गप्प झाली. सुधारली बाई एकदाची, म्हणून मॅडम खूश होत्या.

त्यांनी आजोबांची बाही वर केली. सुई टेकणार तोच आजोबांनी हात मागे घेतला.

“अहो, शुगर मला नाही, त्या पलीकडच्यांना आहे. मला खिडकी हवी होती म्हणून सकाळी आम्ही खाटा बदलल्या. ह्या पोरीनेच तर बदलून दिल्या.”

मॅडमनी आजोबांच्या मनगटावरची पट्टी आत्ता कुठे वाचली. नाव दुसरंच होतं. सिरिंज ट्रेमध्ये ठेवून त्यांनी मुलीला दंडाला धरून बाहेर नेलं. राग जास्त होता की भीती, त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलली का नाहीस? जीव गेला असता त्यांचा!”

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“वाटलं, डॉक्टरांनी नवीन लिहून दिलं असेल. उगाच थांबवलं असं निघालं तर... माझे आधीच उणे चाळीस आहेत, मॅडम.”