नावाचं भांडण

इस्पितळाच्या पायऱ्यांवर आमादोर उभा दिसला, तेव्हा एलिसेओच्या मनात आलं की आल्या पावली परत फिरावं. पण वर आई होती. भावाला खांदा लागणार नाही अशा बेताने तो त्याच्या बाजूने आत गेला. आमादोर मागोमाग जिना चढू लागला.

सख्खे भाऊ, राहायला एकाच शहरात, आणि एकमेकांच्या घरच्या लग्नाचंही बोलावणं नाही. वालेन्सियात याचं कुणाला नवल वाटत नसे. हुकूमशहा मेला, लोकांना तोंड उघडायची मुभा मिळाली, आणि त्याच वर्षांत कैक घरं अशी दुभंगली. या दोघांचं भांडण जमिनीचं नव्हतं, आईला कोण सांभाळणार याचंही नव्हतं. आईच्या गावच्या भाषेला काय म्हणायचं, याचं होतं.

एलिसेओ म्हणायचा, वालेन्सियन. आमची भाषा वेगळी, आम्ही लोक वेगळे, बार्सेलोनावाल्यांनी आम्हाला आपल्या खिशात घालू नये. आमादोर म्हणायचा, ती कातालानच, बार्सेलोनात बोलतात तीच. बारशाला दुसरं नाव ठेवलं म्हणून मूल दुसऱ्याचं होत नाही.

एलिसेओचं दिव्यांचं दुकान होतं. त्यावर त्याने वालेन्सियन पाटी लावली. अक्षर चुकलं तर पलीकडचे हसतील, म्हणून जाणत्या मित्राकडून लिहून घेतली. एका सकाळी पाटीला डांबर फासलेलं दिसलं. आमादोर दातांचा डॉक्टर. तो कातालानवाल्यांच्या सभांना पहिल्या रांगेत बसायचा. पुढच्याच आठवड्यात त्याच्या दवाखान्याच्या काचेवर दगड आला आणि मदतनीस पोरीचा डोळा गेला. दगड एलिसेओने मारला नव्हता. मात्र कुणी मारला ते त्याला ठाऊक होतं, आणि पोलीस आले तेव्हा तो दिवे पुसत राहिला.

दोघांची आई रेमेइ भातशेतीच्या गावातली. ला मांचाकडच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या एका रेल्वेवाल्याशी लग्न करून ती शहरात आली. पोरांना कुणी खेडवळ म्हणू नये याचा तिने ध्यासच घेतला होता. केस चापून बसवलेले, कॉलर पांढरीशुभ्र, बोलणं बापाच्या भाषेत, स्वच्छ. आजोळाहून पोरं एखादा गावठी शब्द घेऊन आली की ती ओठांवर टिचकी मारायची. "तोंड उघडलं की गाव दिसतं," म्हणायची. पुढे तिने उन्हाळ्यात पोरांना आजोळी पाठवणंच बंद केलं.

भावांचं शेवटचं भांडण तिच्याच टेबलावर झालं. रविवार होता, सशाचं मटण आणि घेवडा घातलेला भात मधोमध होता. शब्दाने शब्द वाढला, आणि एलिसेओ म्हणाला, "आई, आता तूच सांग. तुझ्या भाषेचं नाव काय?"

आईने उलथनं खाली ठेवलं. "आम्ही नुसतं बोलायचो," ती म्हणाली. "नाव ठेवायला वेळ कुणाला होता? जेवा. भात निवतोय."

कुणीच जेवलं नाही. तेव्हापासून ती एका रविवारी एकाकडे जायची, दुसऱ्या रविवारी दुसऱ्याकडे. एकाची खुशाली दुसऱ्याला सांगायची नाही, आणि कुणी विचारायचंही नाही.

आता मेंदूत रक्त साकळून ती आडवी झाली होती. डॉक्टरीणबाई गॅलिसियाकडच्या, तरुण. त्यांनी दोघांना दारातच थांबवलं. वाचा परत आलीये, म्हणाल्या, पण फार वेळ हाती नाही. अशा दुखण्यात मागाहून शिकलेलं आधी जातं, लहानपणचं तेवढं उरतं. "सकाळपासून काहीतरी विचारतायत. मी बाहेरची, मला कळत नाही. तुम्ही घरचे आहात."

पलंगाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या होत्या. दुपारचं ऊन चादरीवर पडलं होतं. आईचा डोळा लागला होता.

"तो दगड," शेवटी एलिसेओ म्हणाला. "कुणी मारला ते मला ठाऊक होतं."

"तुला ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं."

"पोरगी कशी आहे?"

"एका डोळ्याने जेवढं दिसतं तेवढं बघते." आमादोरने आईची चादर सारखी केली. मग हळूच म्हणाला, "तुझ्या पाटीवर डांबर फासायला मी नको म्हणालो होतो. पण मोठ्याने नाही म्हणालो."

एलिसेओने मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने भावाकडे सरळ पाहिलं. आमादोर म्हातारा झाला होता.

आईने डोळे उघडले. दोघेही एकदम पुढे वाकले. तिने आधी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. चेहरा निवळला, आणि ती बोलू लागली. एक सबंध, लांब वाक्य, शेवटी प्रश्नाचा हेल. आणि ती उत्तराची वाट पाहत थांबली.

एलिसेओने तिचा हात थोपटला. हो आई, हो. तिने मान हलवली. हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, आता घाईने. आमादोरने पाण्याचा पेला पुढे केला, तिने तो सारला. उशी उंच केली, तीही तिला नको होती. तिसऱ्यांदा बोलताना तिचा आवाज फुटला. लहान पोराला ऐकू आलं नसेल तर आई जशी एकेक शब्द सुटा करून सांगते, तसं तिने सांगितलं. मग दोघांच्या तोंडांकडे पाहता पाहता ती गप्प झाली. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काय म्हणते रे ती?" एलिसेओने विचारलं.

आमादोर पेला हातात धरून तसाच उभा होता.

"मला ती भाषा येत नाही, एलिसेओ," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, तुला येते."