दाबून बोला, सोडून ऐका
लष्कराचे वायरलेस संच बनवणाऱ्या कंपनीत कर्मचाऱ्यांच्या पालकांना बोलावलं होतं. अर्शीनं स्वतः घडवलेला संच अब्बांच्या हातात दिला, तसा त्यांचा अंगठा बटन शोधू लागला. किल्लारीच्या भूकंपात ढिगाऱ्याजवळ जवानानं असाच संच दिला होता. पलीकडे लातूरच्या दवाखान्यात जखमी अम्मी होती. “दाबून बोला, सोडून ऐका,” जवानानं बजावलं. पण अब्बा बटन दाबूनच हंबरडा फोडत राहिले. जवानानं त्यांचा अंगठा बटनावरून उचलला तेव्हा पलीकडचा माणूस म्हणाला, “बाई बोलत होत्या... आता गेल्या.” हे ऐकतच अर्शी वाढली, लातुरात शिकवण्या लावून इंजिनिअर झाली. “अब्बा, ह्यात दोघांनाबी एकदमच बोलता येतंय. बटनच न्हाई,” म्हणत ती दुसरा संच घेऊन शेजारच्या खोलीत गेली. “बोला की, अब्बा!” अब्बांनी संच कानाला लावला. मग म्हणाले, “तूच बोल, बेटा. म्या त्या दिवशी लई बोललो.”