आठ दिवस बंद

मास्तरांनी दुरुस्तीवाल्याला दुकानातल्या स्टुलावरून मनगट धरून उठवलं आणि तसंच ओढत घरी आणलं. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप होता आणि त्याच्या शेजारी घरविक्रीचे कागद. मास्तरांनी कागद कोपरानं बाजूला सारले, लॅपटॉप उघडला आणि कीबोर्डवर बोट आपटून दाखवलं. पडद्यावर एक अक्षर उमटेना.

"किती दिवस झाले, सर?"

मास्तरांनी आठ बोटं दाखवली.

दुरुस्तीवाला त्यांच्याच हाताखाली शिकलेला. मास्तर एका वर्गात बोलायचे आणि शेजारच्या दोन वर्गांची फुकटात शिकवणी व्हायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये तो आवाज गेला. हात कापायचे, त्यामुळे कागदावर लिहिलेलं कुणाला लागायचं नाही. शेवटी मुलानं हा लॅपटॉप आणून दिला. एका बोटानं टाइप करायचं, मशीन ते मोठ्यानं वाचून दाखवणार. सुंभ जळला तरी पीळ थोडाच जातो! महिन्याभरात मशीनच घर चालवायला लागलं. "भाजी अळणी आहे." "पंखा बंद करा." "आधी माझं ऐका."

आणि घर विकायचा विषय निघाला, नेमका त्याच आठवड्यात कीबोर्ड बसला. मुलगा रोज म्हणायचा, "उद्या नेतो दुकानात." तो उद्या काही उजाडला नाही. तेवढ्यात मास्तरांना न विचारताच सगळं ठरूनही गेलं. घर विकायचं, मास्तरांनी मुलाकडे राहायचं आणि बायकोनं लेकीकडे. सहीसाठी घर घेणारा आज पाचला येणार होता.

मास्तरांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आम्हा दोघांना वेगळं करू नका. चव्वेचाळीस वर्षं जिच्याशी संसार केला ती दुसऱ्या घरात राहणार, या विचारानं त्यांना रात्ररात्र झोप नव्हती. परवा त्यांनी मुलासमोर दोन बोटं जुळवून धरली होती. मुलानं दोन गोळ्या आणून हातावर ठेवल्या.

दुरुस्तीवाल्यानं पिशवीतून आपला कीबोर्ड काढला, त्याची वायर लॅपटॉपला जोडली आणि दोन अक्षरं दाबून पाहिली. ती उमटली. मास्तर खुर्चीच्या कडेला सरकून बसले.

"म्हणजे मशीन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "आतला कीबोर्डच गेलाय की काय, ते बघतो."

माउस फिरवत तो कुठल्या कुठल्या खिडक्या उघडत गेला. एका ठिकाणी थांबला. मग त्यानं टेबलापलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे हळूच पाहिलं.

"सर, हा बिघडलेला नाही. सेटिंगमध्ये जाऊन बंद केलाय. हे आपोआप होत नाही, कुणीतरी करावं लागतं."

मास्तर ताडकन उठले आणि मुलाच्या अंगावर गेले. ओठ हलत होते. जुना आवाज असता तर गल्ली गोळा झाली असती.

"बाबा, शपथ, मला काही माहीत नाही!" मुलगा भिंतीला टेकला. "दुकानात न्यायची टाळाटाळ केली, ते कबूल. पण हे मी नाही केलं."

"त्याला कशाला धरता? मी केलंय."

मास्तरांची बायको आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मास्तर गरकन वळले.

"लेक फोनवर सांगत गेली, मी करत गेले. अर्धा तास लागला. तुम्ही झोपला होतात." ती दुरुस्तीवाल्याकडे वळली. "करा बाबा आता सुरू. काम झालं माझं."

दुरुस्तीवाल्यानं मान खाली घातली आणि माउस दाबला.

"लेकीकडे राहायचं हे मी ठरवलं," ती म्हणाली. "पोरांनी नाही. त्यांना उगाच दोष देऊ नका. त्यांना सांगायला मला आठ दिवस लागले. रोज थोडं थोडं सांगितलं. सवय नव्हती ना."

मास्तरांनी तिच्याकडे हात केला, मग स्वतःकडे. त्यांना विचारायचं होतं, मला का नाही सांगितलंस?

तिला ते समजलं. चव्वेचाळीस वर्षांत तिला त्यांचं सगळंच समजत आलं होतं.

"तुम्हाला सांगायला तोंड उघडलं की तुमचं सुरू व्हायचं. आधी घसा होता, मग हे आलं. हे चालू असतं तर पहिल्याच दिवशी मी गप्प बसून चहा टाकायला गेले असते. तुमच्यावर राग नाही माझा. कंटाळा आलाय."

दुरुस्तीवाल्यानं आपल्या कीबोर्डची वायर काढली, गुंडाळली आणि पिशवीत टाकली. "चालू झालाय, सर," एवढंच म्हणून तो चपला घालायला लागला. मुलगा कागद सरळ करत बसला.

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी लॅपटॉप पुढ्यात ओढला. बोट कीबोर्डवर आलं. 'आम्हा दोघांना' एवढं टाइप झालं. त्यांनी ते वाचलं आणि एकेक अक्षर मागे घेत सगळं पुसून टाकलं. मग बराच वेळ ते रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. बायको दारातच उभी होती, गेली नव्हती, हे त्यांनी दोनदा मान वर करून पाहिलं.

शेवटी त्यांनी काहीतरी टाइप केलं आणि लॅपटॉप तिच्या दिशेनं वळवला.

"बोल," मशीन म्हणालं.

तिनं लॅपटॉपकडे पाहिलंच नाही, सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझं बोलून झालंय," ती म्हणाली.